कंदील विझला नाही

लातूरच्या कार्यालयात डॉ. श्रीशैल बिरादार यांनी कहकशांला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि आपण तिच्या वडिलांना 'मामू' म्हणत होतो असं दोनदा सांगितलं. मग ते मुद्द्यावर आले. किल्लारीला साखर कारखान्याच्या मागच्या माळावर संस्थेचं नवं केंद्र उभं राहिलं होतं. तुराट्या आणि उसाच्या चोयट्या कोंडून, अर्धवट जाळून त्यातून वायू काढायचा, त्या वायूवर इंजिन फिरवायचं आणि गावाला वीज द्यायची, असा तो प्रयोग. केंद्राला तिच्या वडिलांचं, निजामोद्दीन मिस्त्रींचं नाव द्यायचं ठरलं होतं. दगडही घडवायला टाकला होता.

"मामूंनी या कामासाठी जीव दिला, ताई. त्यांचं नाव राहायला पाहिजे."

कहकशांचं लक्ष त्यांच्या कमरेकडं गेलं होतं. पट्ट्याला काड्यापेटीहून थोडी मोठी पिवळी डबी अडकवलेली होती.

"हे काय?"

"हे होय? गॅसचं मीटर. हवेत कार्बन मोनॉक्साइड वाढला की ओरडतं. आता मी याच्याशिवाय प्लांटकडं फिरकतसुद्धा नाही."

आता. तो शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला. कहकशांनं तो उचलून ठेवला आणि चहाला हात न लावता बसून राहिली.

निजामोद्दीन नांदेडचे इंजिन मिस्त्री. डिझेल इंजिनांचा जमाना होता तेव्हा बिलोलीपासून नायगावपर्यंतच्या विहिरी त्यांना तोंडपाठ होत्या, कारण इंजिन विहिरीतच असायचं, पाण्याच्या थोडं वर, दगडी कट्ट्यावर. धुराला वर यायला वाट नसे. तळाची हवा कोंडून मेलेली असे. खाली उतरलेला माणूस वर आलाच नाही, अशी एक तरी गोष्ट प्रत्येक गावात होती. म्हणून मिस्त्री लोकांची रीत ठरलेली. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर त्या दिवशी काम नाही, मालक कितीही ओरडो. जळत राहिला तर बिस्मिल्ला म्हणायचं आणि उतरायचं. कहकशांच्या लहानपणी अब्बा कामावरून आले की अम्मी आधी कंदिलाची काच पुसायची आणि मग तवा ठेवायची.

विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं भंगारात गेली. अब्बा बरीच वर्षं दुकानात बसून पंप खोलत राहिले. मग नायगावच्या पुढं, बिलोली रस्त्याला, श्रीशैल साहेबांनी पहिला प्लांट टाकला. तिथं कापसाच्या पऱ्हाट्यांच्या वायूवर चालणारं इंजिन होतं. अब्बांना पुन्हा इंजिन मिळालं. साठी उलटलेला माणूस रोज इस्त्रीचा सदरा घालून कामावर जायला लागला.

त्या प्लांटवर एक टाकी होती, अर्धी जमिनीत पुरलेली, माणूस उभा बुडेल एवढी. वायू त्यातल्या भुशातून गाळून पुढं इंजिनाला जायचा. भुसा डांबरानं माखला की झाकण काढून, शिडीनं आत उतरून तो बदलावा लागायचा. अब्बांना ती टाकी विहिरीसारखीच दिसली. त्यांनी घरून कंदील नेला.

श्रीशैल साहेबांनी ते पाहिलं आणि फोटो काढला. तो फोटो त्यांच्या इंग्रजी लेखात छापून आला. गरीब देशांतल्या स्वच्छ ऊर्जेच्या प्रयोगांत गावच्या माणसाचं पिढीजात शहाणपण किती मोलाचं असतं, याचा दाखला म्हणून. कहकशां नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तिनंच तो लेख शोधून काढला, छापून घरी आणला, अब्बांना वाचून दाखवला.

"कंदील का फोटो साफ आया," अब्बा म्हणाले, "मेरा मुंडी आधाच आया."

अम्मी हसली होती. तो कागद काचेच्या कपाटात लागला.

एके दिवशी दुपारी अब्बांनी कंदील सोडला. तो जळत राहिला. ते उतरले आणि वर आले नाहीत. त्यांना बाहेर काढलं तेव्हाही कंदील जळत होता, असं काढणाऱ्यांनीच सांगितलं. विहिरीत हवा संपते, म्हणून दिवा विझतो. त्या टाकीत हवा पुष्कळ होती, फक्त तिच्यात विष मिसळलेलं होतं. थोडंसंच. दिव्याला ते कळत नाही. माणसाला वास येत नाही, खोकला येत नाही, नुसती झोप येते.

वर्षभरानं श्रीशैल साहेबांचा दुसरा लेख आला. त्यात लिहिलं होतं की अपघाताचं कारण कामगारानं पारंपरिक, अशास्त्रीय पद्धतीवर विसंबणं हे होतं, आणि अशा कामगारांच्या प्रबोधनाची नितांत गरज आहे. कहकशांनं तो लेख वाचनालयातल्या टेबलावर पहिल्याच्या शेजारी ठेवला. कंदील तोच होता. जिवंतपणी तो शहाणपण होता, मेल्यावर अडाणीपणा झाला.

तेव्हाही ती रडली नव्हती. राग यायलाही कशाला तरी धरावं लागतं, आणि तिला धरायला काही सापडत नव्हतं. ते साखराबाईनं दिलं. साखराबाई प्लांटवर पऱ्हाट्या तोडायच्या कामाला होती. एका रविवारी शेंगांची पिशवी घेऊन ती नांदेडला आली. अम्मीजवळ बसली, तिचा हात हातात घेतला, आणि निघताना दारात कहकशांला म्हणाली:

"पोरी, ती पिवळी डबी तुला ठाव हाय का?"

"कुठली डबी?"

"टाकीजवळ भितीला होती की. लई कुईकुई करायची. तुझा बाप म्हनायचा, ही म्हातारी वराडली की बाहेर बसायचं, बिडी वढायची. मग ते गोरे पाव्हणे आले. साहेब म्हनले, भाषणात मधीच वराडंल, लाज जाईल. काढली आन् गाडीत टाकली. तवापून न्हाई लागली."

"तुम्ही हे चौकशीत सांगितलं नाही?"

"मला कोन इचारलं बाई? पऱ्हाट्या मोजून घेतल्या आन् घरी लावलं."

आता ती डबी साहेबांच्या कमरेला होती.

"मला दगड नको," कहकशां लातूरच्या त्या कार्यालयात म्हणाली. "किल्लारीत दगडावर नावं काय कमी आहेत?"

भूकंपात मेलेल्यांच्या नावांचा तो उल्लेख श्रीशैल साहेबांना लागला. त्यांनी मान खाली घातली.

"मग काय करूया, तुम्हीच सांगा."

"अब्बांचा कंदील माझ्याकडं आहे. उद्घाटनाला तो मी त्यांच्यासारखाच नव्या प्लांटच्या टाकीत सोडीन. एवढंच."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि लगेच बसलं. त्यांनी विचार केला असावा: जुना प्लांट बंद झाला, देणगीदार चिडले होते, आणि आता मिस्त्रीची मुलगीच कंदील घेऊन येणार. यापेक्षा सुंदर दृश्य दुसरं कोणतं.

"हृद्य कल्पना आहे," ते म्हणाले.

घरी अम्मीनं कंदिलाची काच राखेनं घासून दिली. "जाके क्या करती तू? मरे सो आते क्या?"

"नहीं आते, अम्मी."

"फिर?"

अम्मीनं तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि वात कात्रीनं सरळ कापून दिली.

किल्लारीला ती जीपनं पोचली तेव्हा मांडव सजला होता. मांडवातले पंखे याच प्लांटच्या विजेवर फिरत होते, ते पाहुण्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं जात होतं. पाहुणे यायला अवकाश होता. नव्या प्लांटचा मिस्त्री रेवणसिद्ध तिला सगळं दाखवायला पुढं आला. पस्तिशीतला, गावचाच, कपाळाला भस्म.

"अक्का, तुमच्या वडिलांचं नाव लई ऐकलंय. या की, फोटो हाय."

शेडच्या भिंतीवर अब्बा होते. दारापेक्षा मोठा फ्लेक्स. कंदील हातात, डोकं अर्धंच आलेलं. खाली इंग्रजीत दोन ओळी.

"ह्याच्यावरनंच शिकलो आमी," रेवणसिद्ध अभिमानानं म्हणाला. "आदी कंदील, मग आत. ह्यो बघा, मीबी आणलाय एक, उदगीरहून."

त्याच्या हातात नवा कोरा कंदील होता. कहकशांनं शिडीच्या कठड्याला धरलं.

"साहेबांनी काही सांगितलं नाही तुला? डबीबिबी?"

"ती साहेबाकडं हाय की. साहेब आले की डबी येती."

"आणि साहेब नसताना?"

"साहेब नसताना देव हाय आन् कंदील हाय," तो हसला. "घाबरू नका अक्का. कवाच इझला न्हाई."

त्याला तिथंच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण तेव्हा ते वाक्य त्या एकट्यानंच ऐकलं असतं, आणि श्रीशैल साहेबांनी संध्याकाळपर्यंत त्याचं प्रबोधन करून टाकलं असतं. कहकशां त्या फोटोसमोर उभी राहिली. दुसऱ्या लेखाचं इंग्रजी या माळावर कुणाला येत नव्हतं. फोटो मात्र सगळ्यांना कळत होता. अब्बा आता नुसते मेलेले नव्हते. ते भिंतीवर उभे राहून दुसऱ्यांना आत बोलावत होते. ती मांडवाकडं परत गेली.

भाषणं झाली. पुण्याहून आलेल्या संस्थेच्या अध्यक्षा बोलल्या, तहसीलदार बोलले, परदेशी देणगीदारांच्या वतीनं एक बाई तुटक हिंदीत बोलल्या. मग प्लांट बंद करून, भोंगा बॅटरीवर टाकून टाकीचं झाकण उघडलं, आणि श्रीशैल साहेब हातात माइक घेऊन म्हणाले, "आता मामूंची कन्या आपल्या वडिलांची परंपरा आपल्याला दाखवेल."

सगळे टाकीभोवती गोळा झाले. श्रीशैल साहेब थोडे मागं, वारा येत होता त्या बाजूला उभे होते. कहकशांनं कंदील पेटवला, काच खाली केली आणि दोरी सोडत गेली. खाली काळ्या भुशावर पिवळा उजेड पडला. ज्योत सरळ होती. मोबाइल वर झाले. मागं कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"साहेब, जवळ या ना," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय फोटो कसा?"

ते आले. टाकीच्या काठाशी उभे राहून किंचित वाकले, आणि त्यांच्या कमरेची डबी ओरडायला लागली. बारीक, कर्कश, एकसारखी. त्यांनी चटकन तिच्यावर पंजा ठेवला आणि एक पाऊल मागं सरकले.

"काय झालं, साहेब?"

"काही नाही. जरा नाजूक असतं हे."

"कंदील तर जळतोय."

"हो, जळतोय."

"मग उतरा."

ते हसले. लोकही हसले. परीक्षा घेतेय पोरगी, असं कुणीसं म्हणालं.

"चेष्टा नाही करत मी. अब्बा असेच उतरले. दिवा बघून. तुम्हीच लिहिलंय, यात पिढ्यांचं शहाणपण आहे. भिंतीवर लावलंय. दोन पायऱ्या उतरा नुसत्या."

"ताई, हा प्रसंग असा..."

"उतरा की साहेब," मागून आवाज आला. "पोरीचा मान राहील."

"हाव, उतरा, उतरा."

श्रीशैल साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. पंज्याखाली डबी दबून ओरडत होती. कहकशां त्यांच्याकडं बघत होती आणि तिला शांत, थंड असं काहीतरी वाटत होतं, जे अब्बा गेल्यापासून वाटलं नव्हतं. ते उतरले असते तर? तर उतरले असते. तिनं तो विचार पूर्ण केला आणि त्यातून बाहेर आली नाही.

पण उतरायला निघाला रेवणसिद्ध. साहेबांची अडचण त्याला दिसली, आणि आपल्या माणसाची लाज जाऊ नये एवढंच त्याला कळलं.

"असू द्या अक्का," तो म्हणाला. "साहेबाचे कपडे चांगले हायत. डांबर लागंल. मी जातो की."

त्यानं चपला काढल्या, शिडीला हात लावून कपाळाला लावला आणि पाय आत टाकला.

थांब, हा शब्द कहकशांच्या तोंडात आला. तिनं तो दातांमागं धरला. ती रेवणसिद्धकडं बघत नव्हती. ती श्रीशैल साहेबांकडं बघत होती. बोला. ज्याला माहीत आहे त्यानं बोलायचं. रेवणसिद्ध कमरेपर्यंत आत गेला. कंदिलाचा उजेड त्याच्या हनुवटीवर खालून पडला.

"रेवण, वर ये," साहेब म्हणाले.

"आलोच की. कंदील मस्त जळायलाय."

"वर ये म्हणतो ना. मरशील."

"दिवा जळतोय की साहेब."

"दिव्यानं ते कळत नाही."

हातातला माइक चालूच होता. वाक्य भोंग्यातून निघालं, माळावर गेलं आणि कारखान्याच्या भिंतीवर आपटून परत आलं. मांडवातले पंखे बंदच होते; ते सगळ्यांना ऐकू आलं. रेवणसिद्ध शिडीवर तसाच उभा राहिला, मग त्यानं वर, भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं, आणि घाईघाईनं बाहेर आला. त्याची बायको गर्दीतून पुढं आली आणि तिनं त्याचं मनगट पकडलं.

"कधीपासून माहीत आहे हे तुम्हाला?" कहकशांनं विचारलं.

खोटं बोलायला लागणारा वेळ श्रीशैल साहेबांना मिळाला नव्हता.

"पहिल्यापासून."

"माझ्या वडिलांना सांगितलं होतं?"

"फोटो छान आला होता," ते म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. "सगळ्यांना आवडला होता. शिवाय तेव्हा भिंतीवर डबी होतीच, त्यामुळं..."

"ती डबी काढली कुणी?"

"मी."

"परत का नाही लावली?"

त्यांनी डबीवरचा पंजा काढला.

"राहून गेलं," ते म्हणाले.

कहकशांनं या उत्तराची पुष्कळ रूपं मनात आणली होती. लोभ, कारस्थान, माणसाला माणूस न समजणं. त्यातल्या कशाशीही ती लढली असती. राहून गेलं. साखर आणायची राहून जाते तसं. तिनं दोरी हळूहळू वर ओढली, कंदील काठावर ठेवला आणि फुंकर मारली.

संस्थेच्या अध्यक्षा तिच्याजवळ आल्या. चांगल्या बाई होत्या. श्रीशैलना उद्याच काढून टाकू, म्हणाल्या. तुम्ही म्हणाल ते करू. भोवती सगळं गाव उभं होतं.

"काढायचं नाही," कहकशां म्हणाली. "काढलं तर ते पुण्याला जातील, दुसरीकडं लागतील, विसरतील. पोलिसांकडं मी जाणारच आहे, ते त्यांच्या चालीनं चालेल. मला वेगळं हवंय." ती श्रीशैल साहेबांकडं वळली. "तुमचे आणखी प्लांट होणार आहेत ना? प्रत्येक नव्या मिस्त्रीला तुम्ही स्वतः शिकवायचं. इथं, या टाकीपाशी. अब्बांचा कंदील सोडून दाखवायचा. डबी शेजारी ठेवायची. आणि ते कसे मेले, कुणामुळं मेले, हे तुमच्या तोंडानं, मराठीत सांगायचं. एक शब्द गाळायचा नाही. मी ऐकायला येईन."

"किती दिवस?" साहेबांनी विचारलं.

"प्लांट चालू आहेत तोवर."

अध्यक्षांनी मान हलवली. परदेशी बाईंना कुणीतरी ते हिंदीत सांगितलं. त्यांनीही हलवली. श्रीशैल साहेबांना नाही म्हणता आलं असतं. पण मग हा माळ, ही टाकी, त्यांची वीस वर्षं, सगळंच गेलं असतं. ते कहकशांनं लातूरलाच ओळखलं होतं. त्या माणसाचा जीव कशात आहे, ते.

साखराबाईला तिनं हे सगळं फोनवर सांगितलं. "फाशी व्हायला पायजे हुती," साखराबाई म्हणाली. "फाशी एकदाच होते, मावशी," कहकशां म्हणाली.

एक गोष्ट तिनं सांगितली नाही, अम्मीलाही नाही. रेवणसिद्ध कमरेपर्यंत आत गेला तरी तिचं तोंड मिटलेलं होतं. त्याचा उजळलेला चेहरा तिला अधूनमधून दिसायचा. तो दिसला की ती नजर वळवत नसे, आणि जे केलं ते परत घ्यावंसंही तिला वाटत नसे.

पहिला वर्ग दिवाळीनंतर झाला. वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेले मिस्त्री टाकीभोवती सतरंजीवर बसले होते. भिंतीवरचा फ्लेक्स उतरवलेला होता. रेवणसिद्धच्या गळ्यात दोरीला पिवळी डबी होती, आणि तो तिला सारखा हात लावून बघत होता. कहकशां नांदेडहून आली आणि पुढच्या रांगेत, बरोबर मधे बसली.

श्रीशैल साहेब बारीक झाले होते. त्यांनी कंदील सोडला. तो जळत राहिला. डबी काठावर ठेवली, ती ओरडली. दिव्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. चांगलं शिकवत होते. असं कधी त्यांनी अब्बांना शिकवलं असतं तर, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो तिथंच राहू दिला.

"नायगावच्या प्लांटवर निजामोद्दीन नावाचे मिस्त्री होते," साहेब म्हणाले. "त्यांनी असाच कंदील सोडला आणि ते उतरले. भिंतीवर अशीच डबी असायला हवी होती. ती तिथं नव्हती, कारण..."

ते थांबले. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला. मिस्त्री वाट बघत होते. एकानं जांभई दिली.

कहकशांनं मांडीवरचे हात हलवले नाहीत.

"पुढं, साहेब," ती म्हणाली.